खणातले सात मोबाईल

चार इमलीतले बंगले सरकारी. आज फाटकावर एकाचं नाव, उद्या दुसऱ्याचं. बदलीचा किंवा निवृत्तीचा कागद आला की थोड्याच दिवसांत टेम्पो दाराशी उभा राहतो आणि आपल्या घरात आहे हे आपल्यालाच ठाऊक नसलेलं सामान बाहेर यायला लागतं. मागच्या थंडीत ती पाळी आमच्यावर आली. हे निवृत्त झाले आणि आम्ही अरेरा कॉलनीतल्या फ्लॅटमध्ये जायचं ठरवलं.

टीव्हीखालच्या एका खणातून सात मोबाईल निघाले. माणसं घरात चार! चार्जर मी मोजलेच नाहीत. त्याशिवाय दोन फुगलेल्या बॅटऱ्या, बंद पडलेले राउटर, मुलाच्या शाळेच्या काळातला पेटीएवढा मॉनिटर, कूलरची मोटर आणि चादरीत बांधलेलं वायरींचं गाठोडं. "लागेल कधीतरी" म्हणून जपलेलं सगळं. त्यातलं एकही कधी लागलं नव्हतं.

आमचा नेहमीचा कबाडी आला. (पुण्या-मुंबईच्या वाचकांनी भंगारवाला वाचावं. भोपाळच्या मराठीत तो कबाडीच.) बरोबर त्याचा पुतण्या होता, असेल पंधरा-सोळाचा. वायरींचं गाठोडं आणि मोटर त्यांनी तोलून नेली, हातावर काही नोटा ठेवल्या. घर मोकळं झालं, वर पैसेही आले. मी खूश.

संध्याकाळी फिरायला निघाले तर नाल्याच्या बाजूला धूर दिसला. थंडीत कुणी शेकोटी केली की वास येतो तो वेगळा. हा वास घशात चिकटून बसणारा होता. जवळ जाऊन पाहिलं तर तोच मुलगा उकिडवा बसून काडीने वायरी उलट्यापालट्या करत होता. त्यातली कूलरची नारिंगी वायर मी लगेच ओळखली, कारण तिला पांढरी पट्टी मीच गुंडाळली होती. "ये क्या कर रहे हो बेटा?" म्हटलं तर तो हसून म्हणाला, "आंटी, खुले तांबे के ज्यादा मिलते हैं."

घरी येऊन सांगितलं तर सासूबाई एकदम गप्प झाल्या. १९८४ च्या डिसेंबरात त्या टी. टी. नगरला राहत होत्या. जुन्या शहराचे हाल नव्या शहराच्या वाट्याला आले नाहीत, पण डोळे चोळत, खोकत पळत आलेली माणसं त्यांनी आपल्या दारात पाहिली होती. तेव्हापासून घरात कसलाही उग्र वास आला की त्या आधी उठून खिडकीपाशी जातात. "मुलाचं नाक-तोंड तरी बांधलेलं होतं का?" एवढंच त्यांनी विचारलं. नव्हतं.

वायरीवरचं आवरण बहुधा पीव्हीसीचं असतं. ते उघड्यावर जाळलं की हायड्रोक्लोरिक आम्लाची वाफ निघते आणि डायॉक्सिनसारखी विषारी द्रव्यं तयार होतात. ती मातीत टिकतात आणि शरीरातल्या चरबीत साठतात. सर्किट बोर्डाची गत याहून वाईट. सोनं सोडवायला ते आम्लात बुडवतात आणि उरलेलं पाणी नाल्यात सोडतात. दिल्लीचं सीलमपूर आणि उत्तर प्रदेशातलं मुरादाबाद ही गावं या धंद्यासाठी वर्षानुवर्षं बदनाम आहेत. जुन्या मॉनिटरच्या काचेत शिसं असतं, ट्यूबलाइटमध्ये पारा. घरात वापरताना यातलं काही आपल्याला बाधत नाही. कुणीतरी ते फोडतो, जाळतो, तेव्हा बाधतं, आणि तो कुणीतरी सहसा आपल्या घरातला नसतो.

एकदा साठलेला विषारी कचरा हलवायला किती वेळ लागतो, हे भोपाळइतकं कुणाला माहीत असणार? युनियन कार्बाइडच्या आवारात पडून राहिलेला ३३७ टन कचरा उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर १ जानेवारी २०२५ च्या रात्री १२ कंटेनरमध्ये भरून पीथमपूरला रवाना झाला, दुर्घटनेनंतर चाळीस वर्षांनी. तिथल्या लोकांनी रस्त्यावर येऊन विरोध केला, आणि त्यांचं काय चुकलं? जून संपता संपता तो जाळून झाला, आता त्याच्या राखेचा प्रश्न आहे. मोबाईलच्या खणाची आणि त्या कारखान्याची तुलना करायची नाही मला. पण "नंतर बघू" हे दोन्हीकडे सारखंच.

याच शहरात जानेवारी २०२० मध्ये महानगरपालिका आणि केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळ यांनी मिळून देशातलं पहिलं 'ई-वेस्ट क्लिनिक' सुरू केलं होतं. नाव मला फार आवडलं होतं, कचऱ्याचा दवाखाना! घरोघरून किंवा प्रत्यक्ष येऊन दिलेला ई-कचरा वेगळा करायचा आणि धोकादायक भाग प्रक्रियेसाठी बंगळुरूला पाठवायचा, असा तो तीन महिन्यांचा प्रयोग होता. मार्चमध्ये टाळेबंदी लागली. सगळं जग तेव्हा वेगळ्याच दवाखान्यांच्या काळजीत होतं.

कायदा आता बराच पुढे आला आहे. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या नियमांत १०६ प्रकारच्या वस्तू आहेत. जी कंपनी वस्तू बनवते, तिनेच आयुष्य संपलेल्या मालाच्या ठरावीक हिश्शाच्या पुनर्चक्रणाची जबाबदारी घ्यायची. २०२५-२६ साठी हा हिस्सा ७० टक्के आहे, २०२७-२८ पासून ८० टक्के. हिशेब पोर्टलवर ठेवायचा. कागदावर उत्तम. पण माझ्या खणापासून त्या पोर्टलपर्यंतचा पहिला मैल कबाड्याच्या हातगाडीवरूनच जातो, आणि नियमांत ती हातगाडी मला कुठे दिसली नाही.

माल मात्र मोलाचा आहे. दहा लाख मोबाईलमधून सुमारे ३४ किलो सोनं, ३५० किलो चांदी आणि १६ टन तांबं निघू शकतं. टोकियो ऑलिंपिकची सुमारे ५,००० पदकं जपानी लोकांनी दिलेल्या जुन्या उपकरणांतून घडवली होती. त्यात बासष्ट लाखांवर फोन होते आणि निघालेलं सोनं ३२ किलो. तरीही २०२२ साली जगात तयार झालेल्या ६ कोटी २० लाख टन ई-कचऱ्यापैकी रीतसर गोळा होऊन पुनर्चक्रण झालेला फक्त २२.३ टक्के होता. बाकीचा कुठे गेला? थोडा माझ्या खणात होता, थोडा नाल्याकाठी जळत होता.

आमच्या मुलाने मग एक उद्योग केला. हाताने फिरवायचं वायर सोलायचं छोटं यंत्र आणलं आणि त्या मुलाला दिलं. जळलेलं तांबं काळं पडतं आणि त्याला भाव कमी येतो, सोललेल्या चकचकीत तांब्याला जास्त, हे त्याला पटलं. जाड वायरी तो आता सोलतो. चार्जरच्या बारीक वायरी मात्र त्यात बसत नाहीत, आणि एकेक हाताने सोलायला त्याला वेळ नाही. म्हणजे अर्धंच काम झालं. बारीक वायरी, बोर्ड, बॅटऱ्या त्याला द्यायच्याच नाहीत असं आम्ही ठरवलं, तर त्याची कमाई घटते. तेव्हा शेजारच्या आठ घरांनी मिळून असं ठरवलं की त्याने हे सामान न फोडता आमच्याकडे आणून द्यायचं, आम्ही त्याला वजनावर पैसे द्यायचे, आणि पोतं भरलं की नोंदणीकृत संस्थेला बोलावून पावती घ्यायची. नोंदणीकृत संस्थांची यादी केंद्रीय मंडळाच्या संकेतस्थळावर मिळते. यात आमच्या खिशातून थोडे पैसे जातात. एका शेजाऱ्यांनी त्यावरून नाक मुरडलं, पण पिझ्झा याहून महाग पडतो.

तरुण वाचकांना आता थोडं कामाचं सांगते, कारण घरातले फोन तुम्हीच बदलता आणि आईवडिलांचे जुने फोन तुमच्याच भरवशावर खणात पडतात. फोन देण्याआधी फोटो उतरवून घ्या, गूगल किंवा ॲपलच्या खात्यातून बाहेर पडा, मग फॅक्टरी रीसेट करा. नुसतं 'डिलीट' पुरत नाही. सिम आणि मेमरी कार्ड काढायला लोक हमखास विसरतात. फुगलेली बॅटरी दाबू नका, टोचू नका, चार्ज तर मुळीच करू नका. वाळू घातलेल्या पत्र्याच्या डब्यात, घराबाहेर सावलीत ठेवा आणि लवकर द्या. ट्यूबलाइट फुटणार नाही अशी गुंडाळून ठेवा. आणि चालू असलेली वस्तू कचरा नव्हे. आमचा एक राउटर नुसत्या ॲडॅप्टरसाठी मेला होता, बिट्टन मार्केटजवळ दुरुस्त करून घेतला, आता ह्यांच्या भाच्याच्या वसतिगृहात चालतो.

सात मोबाईलपैकी सहा गेले. सातवा माझ्या बाबांचा, बटणांचा जुना नोकिया. त्यात त्यांनी टाइप केलेले बारा मेसेज आहेत, बहुतेक "पोचलो" एवढेच. बॅटरी काढून वेगळी दिली. फोन नव्या घरातल्या नव्या खणात ठेवला आहे. तो मी देणार नाही, मुलाने कितीही यादी दाखवली तरी.