‘काळाचा घाला’ नावाची पळवाट

२८ जानेवारी २०२६ रोजी सकाळी बारामतीच्या विमानतळावर उतरू पाहणारे एक लिअरजेट ४५ जातीचे छोटे विमान कोसळले. उपमुख्यमंत्री अजित पवार आणि त्यांच्यासोबतचे चौघे, असे विमानातील पाचही जण मृत्युमुखी पडले. त्या दुपारी आमच्या स्टाफरूममध्ये दोन वाक्ये ऐकू आली. एक, ‘काळाने घाला घातला.’ दुसरे, आवाज जरा खाली आणून, ‘हे दिसते तितके सरळ नाही.’ दोन्ही वाक्ये बोलणारे मराठीचे प्राध्यापक होते. पुढचे कित्येक दिवस महाराष्ट्र आळीपाळीने हीच दोन वाक्ये बोलत होता.

वरवर पाहता ही वाक्ये परस्परविरोधी आहेत. माझ्या मते ती सख्खी भावंडे आहेत. नियती मानणाऱ्याला कारण नको असते, कारण त्याच्या लेखी ते माणसाच्या हाताबाहेरचे असते. घातपात मानणाऱ्यालाही कारण नको असते. त्याला खलनायक हवा असतो. एकाची कथा पुराणातली, दुसऱ्याची रहस्यकथेतली. तपास पूर्ण होईपर्यंत थांबण्याची तयारी दोघांचीही नसते. संशय घेऊ नये असे मी म्हणत नाही. संशय हा तपासाचा आरंभ असू शकतो. आपण त्याला निष्कर्ष करून टाकतो, एवढेच माझे म्हणणे आहे.

तपासाची भाषा या दोहोंपेक्षा वेगळी असते. विमान अपघातांच्या तपासाची आंतरराष्ट्रीय तत्त्वे १९४४च्या शिकागो कराराच्या तेराव्या परिशिष्टात आहेत. हे परिशिष्ट प्रथम १९५१मध्ये स्वीकारले गेले. त्यानुसार अशा तपासाचा एकमेव हेतू पुढचा अपघात टाळणे हा असतो. दोषारोप करणे हा नव्हे. शिक्षा देण्यासाठी न्यायालये आहेत. तपास अधिकारी फक्त ‘हे कसे घडले?’ असे विचारतो आणि एका उत्तरावर थांबत नाही. बारामतीचेच पाहा. दृश्यमानता कमी होती. पहिल्या प्रयत्नात न उतरता विमान वळून पुन्हा आले. या विमानतळावर नियमित हवाई वाहतूक नियंत्रण सेवा नव्हती; वैमानिकांना माहिती पुरवण्याचे काम तिथल्या प्रशिक्षण संस्थांची माणसे करीत. ही माहिती पहिल्याच दिवशी सरकारी निवेदनातून आली होती. यातले नेमके काय निर्णायक ठरले, हे सांगण्याचा अधिकार विमान अपघात तपास ब्युरोचा, माझा नाही. पण एवढ्या मोठ्या माणसांची ये-जा असलेल्या ठिकाणी अशी व्यवस्था का होती, हा प्रश्न ‘काळाने घाला घातला’ या वाक्यात कुठे मावतो?

आणि ‘पवार व अन्य चौघे’ या शब्दप्रयोगाचे काय? आपल्या व्याकरणात ‘अन्य’ हे विशेषण आहे. आपल्या वृत्तपत्रांत ती एक सामाजिक श्रेणी आहे. वरच्या परिच्छेदात मीही जवळपास तेच लिहून बसलो, हे कबूल करतो. २६ एप्रिल २०१७ रोजी गोंदियाजवळच्या बिरसी येथून उडालेले प्रशिक्षणाचे विमान नदीवर ताणलेल्या केबलला धडकून वैनगंगेत कोसळले. प्रशिक्षक आणि शिकाऊ वैमानिक दोघेही गेले. १८ मार्च २०२३ रोजी बिरसीहूनच निघालेले दुसरे प्रशिक्षण विमान बालाघाटच्या डोंगरात पडले. पुन्हा दोघे गेले. ही ठिकाणे आमच्याच विदर्भाच्या सीमेवरची. आमच्या एम.ए.च्या वर्गात विचारले, तर एकाही विद्यार्थ्याला ती आठवत नव्हती. तपास अहवालात मात्र मृतांची प्रतवारी नसते. उपमुख्यमंत्री असो की शिकाऊ वैमानिक, केबल केबलच असते आणि धुके धुकेच.

यावर एक साहित्यिक आक्षेप ठरलेला आहे: साहित्याचे काम कारणे शोधणे नव्हे, मृत्यूपुढे स्तब्ध होणे आहे, शोकात्मिकेचा प्राण नियती. आपण सर्वांनी हे शिकवले आहे. जी. ए. कुलकर्णींच्या कथांवरच्या प्रश्नात ‘नियती’ हा शब्द घातल्याखेरीज प्रश्नपत्रिका पूर्ण होत नाही. यात जी.एं.चा दोष नाही. दोष आपल्या आळसाचा. कारण ज्या नाटकाच्या आधारे आपण नियतीचा महिमा गातो, ते सॉफोक्लीझचे ‘इडिपस’ मुळात एका तपासाची कहाणी आहे. नगरात महामारी पसरते, राजा जुन्या खुनाचा शोध जाहीर करतो, साक्षीदारांना एकेक करून बोलावतो, म्हाताऱ्या मेंढपाळाला दरडावून बोलते करतो. सत्य आपल्याच दारात येत आहे हे जाणवू लागल्यावरही तो थांबत नाही. ‘सगळा योगायोगाचा खेळ, जमेल तसे जगावे’ असा सल्ला त्याला योकास्ता देते. आपल्या अग्रलेखांची भाषा योकास्तेची आहे आणि आपण तिलाच शोकात्म जाणीव समजत आलो आहोत.

अहवालांची भाषाही निर्दोष नसते. ‘मानवी चूक’ हा शब्द पुष्कळदा नियतीचेच सरकारी नाव असतो. मेलेला वैमानिक खुलासा करायला येत नाही, म्हणून त्याच्यावर ठपका ठेवणे सोपे. पण हे ओळखायला अहवाल वाचता यावा लागतो: कोणते क्रियापद कर्तरी, कोणते कर्मणी, कर्ता कुठे गाळला, ‘शक्यता’ कुठे लिहिली आणि ‘कारण’ कुठे. हे काम इंजिनिअरचे नाही, भाषेच्या शिक्षकाचे आहे.

घुग्घुससारख्या कोळशाच्या गावात बसून मी विमानांविषयी एवढे का बोलतो? कारण इथे जमिनीखाली जुन्या भूमिगत खाणींच्या पोकळ्या आहेत. ऑगस्ट २०२२मध्ये इथल्या अमराई वॉर्डात एक राहते घर बघता बघता जमिनीत खोल गडप झाले. त्या संध्याकाळी मी चौकात जे ऐकले ते असे: ‘धरणीमायने गिळलं, सर.’ बोलणारा माझाच जुना विद्यार्थी होता, मराठीत प्रथम श्रेणीचा. पोकळी कोणी केली, ती भरली का नाही, नकाशे कुठे आहेत, हे प्रश्न विचारायला लागणारे गद्य मी त्याला कधी दिलेच नव्हते. धरणीमाय मात्र दिली होती, अलंकारांसकट.

म्हणून अभ्यासमंडळांपुढे माझी मागणी साधी आहे. व्यावहारिक मराठीच्या अभ्यासक्रमात अर्ज आणि इतिवृत्त आहेच. त्यात अपघाताचा एक तपास अहवाल घाला, विमानाचा किंवा खाणीचा. इंग्रजीतला असेल तर मुलांकडून त्याचे मराठी भाषांतर करून घ्या. पहिल्याच पानावर ती अडखळतील, कारण दोष न देता कारण सांगणारी वाक्ये लिहिण्याची आपल्याला सवय नाही. ती सवय लावणे हे मराठीच्या प्राध्यापकाचे काम नसेल, तर शोकसभेत ‘काळाने घाला घातला’ म्हणायला आपली गरज काय? ते वाक्य वर्गात न बसताही येते.