वाचलें, पाहिलें, चाखलें

दर महिन्यास या पानावर आम्ही आमच्या वाचनाचा व करमणुकीचा हिशेब वाचकांपुढें ठेवतों. या खेपेस त्यांत स्वयंपाकघराचाहि जमाखर्च येणार आहे. आणि खरें सांगावयाचें तर बाकीचें सारें त्याच्याच अनुषंगानें आलें.

गेल्या महिन्यांत घरीं पुरणाचा बेत होता. आमच्या मातोश्रींनीं, वय वर्षें 82, नेहमींप्रमाणें कटाची आमटी केली. पहिला भुरका घेतांच आम्हीं व सौभाग्यवतींनीं एकमेकांकडे पाहिलें. मीठ दोनदां पडलें होतें. कोणी कांहीं बोललें नाहीं, परंतु मातोश्रींनीं स्वतः चाखून वाटी बाजूस सारली व त्या म्हणाल्या, “घातल्याचं आठवलंच नाही रे.” 60 वर्षांच्या संसारांत त्या हातून असें कधीं झालें नव्हतें.

त्या रात्रीं झोंप येईना, म्हणून लक्ष्मीबाई टिळकांचीं ‘स्मृतिचित्रें’ पुन्हां हातीं घेतलीं. 1934 पासून भागशः प्रसिद्ध झालेलें हें आत्मचरित्र आम्हीं यापूर्वीं त्यांतील विनोदासाठीं वाचलें होतें. सोंवळ्यापायीं बाजारचें सामान धुवून घेणारे वडील, पतीच्या 1895 मधील धर्मांतरानें झालेली ताटातूट, सारें त्या कोणावर राग न धरतां सांगतात. या वेळीं एक विचार मनांतून जाईना. लक्ष्मीबाईंनीं लेखणी उचलली नसती, तर कवि टिळकांचें घर आपणांस त्यांच्या कवितांतून दिसतें तेवढेंच दिसलें असतें.

पुढील रविवारीं मातोश्रींसमवेत प्रभातचा ‘संत तुकाराम’ पाहिला. दामले व फत्तेलाल यांचा हा 1936 चा बोलपट 1937 मध्यें व्हेनिसच्या महोत्सवांत गौरविला गेला. विष्णुपंत पागनिसांच्या तुकारामाविषयीं लिहिण्यासारखें आतां काय उरलें आहे? आम्ही या वेळीं पाहत राहिलों ती गौरीची जिजाई. आजारी मुलाला ओढीत ती देवळांत शिरते व पायांतील वहाण विठोबावर उगारते, तेव्हां मातोश्री मोठ्यानें हंसल्या. शेवटीं विमान वैकुंठास गेलें, जिजाई खालींच राहिली. आम्हीं हळहळ व्यक्त केली. त्या म्हणाल्या, “सगळेच गेले तर मुलांना जेवायला कोण घालणार?”

तेव्हांच वही काढली. कमलाबाई ओगल्यांची ‘रुचिरा’ (1970) आमचे घरीं आहे. वाटी-चमच्याच्या मापानें तिनें अनेक घरांतील सुनांना धीर दिला. परंतु आमटीसाठीं मातोश्रींनीं ती कधीं उघडली नाहीं. त्यांचें माप म्हणजे मूठ आणि चिमूट. म्हणून त्यांना स्टुलावर बसविलें, आणि त्यांच्या हातांतून जें सुटेल तें पातेल्यांत पडण्यापूर्वीं आम्हीं वाटींत धरून मोजलें. “हे काय बाजारासारखं तोलतोस?” म्हणून बोलणीं खावीं लागलीं, तीं आनंदानें खाल्लीं.

वाचकभगिनींसाठीं तें माप येथें देतों. 1 वाटी हरभऱ्याची डाळ 5 वाट्या पाण्यांत मऊ शिजवून चाळणीवर उपसावी. खालीं येणाऱ्या कटांत पळीभर शिजलेली डाळ घोटून घालावी. पाणी लावून सर्व मिळून 4 वाट्या करावें. 2 चमचे सुकें खोबरें व 1 चमचा जिरें भाजून कुटावें. तेलांत मोहरी, हिंग, हळद, कढीलिंब व तिखट यांची फोडणी करून कट ओतावा. मग सुपारीएवढ्या चिंचेचा कोळ, तिच्या दुप्पट गूळ, 2 चमचे गोडा मसाला, तें कुटलेलें वाटण व मीठ घालून चांगली उकळी आणावी. दुसऱ्या दिवशीं ती अधिक मुरते.

वहीवरून आम्हीं स्वतः ती केली. मातोश्रींनीं दोनदां चाखली व निकाल दिला, “माझी नाही, पण बरी आहे.” आमच्या लेखनास एवढी प्रशंसा कोणी केल्याचें आठवत नाहीं.

आतां एकच काळजी आहे. आमटींत पडला तो गोडा मसाला त्यांच्याच हातचा होता. धने, तीळ, खोबरें, दगडफूल, नागकेशर हीं नांवें आम्हांस ठाऊक आहेत; कोणतें किती आणि कोठवर भाजावयाचें, तें त्यांच्या नाकाला ठाऊक. डबा अर्ध्यावर आला आहे. वाचकहो, आपल्या घरींहि असा एखादा डबा असेल. आम्ही येत्या रविवारीं वाटी घेऊन बसणार आहों, आपणहि बसावें.