बाबांची बाटली

सकाळी पावणेआठला आमच्या विंगमध्ये येऊन बघा. लेक्चरची घाई, आणि प्रत्येक रूममधून डिओचे फवारे! पॅसेजमध्ये सगळे वास असे मिसळतात की मेसच्या पोह्यांचाही पत्ता लागत नाही. यात मीही होतोच. शर्ट तीन दिवसांचा, फवारा ताजा.

दिवाळीत घरी होतो. मावसभावाचा साखरपुडा, आणि माझा डिओ संपलेला. आईने कपाटातून बाबांची पांढरी बाटली काढून दिली. लाल अक्षरं, शिडाचं जहाज. ओल्ड स्पाइस आफ्टरशेव्ह. लहानपणापासून पाहत आलो, पण ‘म्हाताऱ्यांचं’ म्हणून कधी हात लावला नव्हता. दोन थेंब गालावर चोळले. आधी झणझणलं, मग नुसता स्पिरिटचा वास. म्हटलं, फसलो! पण दहा मिनिटांत लवंग, दालचिनी, आणि मागे काहीतरी गोडसर असं हळूच येऊ लागलं.

केमिस्ट्री साधी आहे. अल्कोहोल ७८ अंशांना उकळतं, ते आधी उडून जातं. लवंगेतलं युजेनॉल उकळायला साधारण २५० अंश लागतात, म्हणून ते मागे रेंगाळतं. दाताच्या डॉक्टरकडे येतो ना, तोच वास! शुल्टन या अमेरिकन कंपनीने पुरुषांसाठीचं ओल्ड स्पाइस १९३८ साली काढलं. म्हणजे हा वास बाबांच्याही आधीचा. बाटलीवरचं जहाज मला तर आपलंच वाटतं. मसाल्यांसाठी असली जहाजं मलबारच्या किनाऱ्याला लागायचीच की.

पण खरी गोष्ट वेगळीच. तो वास आला आणि अ‍ॅडमिशनचा दिवस आठवला. बाबा इस्त्रीचा शर्ट घालून, दाढी करून, हेच लावून माझ्याबरोबर आले होते. आणि मी म्हणालो होतो, “तुम्ही गेटवरच थांबा, आत सगळी मुलं एकटीच असतात.” नव्हती. कितीतरी जणांचे वडील आत होते. बाबा तीन तास उन्हात उभे राहिले, एका शब्दाने बोलले नाहीत.

बाबांना एक बाटली वर्षभर पुरते. लग्नकार्य, सण, नाहीतर माझ्या कॉलेजचं काम, तेव्हाच ती उघडते. मला महिन्याला एक डिओ लागतो.

माझं म्हणणं एवढंच की वास जवळ आलेल्याला कळावा, अख्ख्या विंगला नको. अंघोळ आणि धुतलेला शर्ट यांना पर्याय नाही. आणि ज्याला आपण ‘जुनाट’ म्हणून नाक मुरडतो, ते एकदा दहा मिनिटं थांबून तरी बघावं. पहिल्या मिनिटाला फक्त स्पिरिटच कळतं.

यंदा गॅदरिंगला बाबांना बोलावलंय. गेटवर घ्यायला मीच जाणार आहे.