स्कॅन नॉर्मल, पण पोरगं बदललंय

वस्तीत पोरं पडतातच. पोटमाळ्याची शिडी, पाण्याने निसरडा झालेला जिना, गल्लीतलं क्रिकेट. डोक्याला मार लागला की आपण रक्त आलं का, टेंगूळ किती मोठं, एवढंच बघतो. सरकारी दवाखान्यात सिटी स्कॅन झाला, डॉक्टर 'नॉर्मल आहे' म्हणाले, की घरच्यांसाठी विषय संपला. माझ्या मते तिथून पुढेच लक्ष द्यायचं असतं.

हादरा बसला की मेंदूचं काम काही दिवस बिघडतं. स्कॅनमध्ये रक्तस्राव दिसतो, कवटीची चीर दिसते. हा बिघाड बहुधा दिसत नाही. तो पोराच्या वागण्यात दिसतो. हसरी पोरगी चिडकी होते. जरा बोललं की डोळ्यांत पाणी. रात्री दचकून उठते, आईला सोडत नाही. भावंडांचा गलका सहन होत नाही. मैत्रिणींनी हाक मारली तरी खेळायला जात नाही. पुस्तक उघडलं की डोकं दुखतं, काल पाठ असलेलं आज आठवत नाही. दोन-तीन वर्षांच्या लेकराला तर सांगताही येत नाही. ते किरकिर करतं, नीट जेवत नाही.

आणि आपण म्हणतो, 'नाटकं करतोय. शाळा बुडवायचा बहाणा.' वर एक टपली, तीही डोक्यातच! नोकरीत असताना आणि आता वस्त्यांमधून फिरताना हे मी सतत बघते. गंडेदोरे आपण घरातून काढले, याचा मला अभिमान आहे. छडी मात्र अजून कोपऱ्यात उभी आहे. दुखावलेल्या मेंदूला मार देऊन शिस्त लागत नाही, लेकरू आणखी घाबरतं.

बहुतेक मुलं साधारण 4 आठवड्यांत बरी होतात. पहिले एक-दोन दिवस आराम, मोबाइल कमी. मग हळूहळू चालणं-फिरणं, सुरुवातीला अर्धा दिवस शाळा. बाईंना भेटून सांगा की काही दिवस गृहपाठ कमी द्या. डॉक्टर हो म्हणेपर्यंत क्रिकेट आणि सायकल बंद, कारण बरं होण्याआधी पुन्हा मार लागला तर जास्त महागात पडतं. दहा बाय बाराच्या खोलीत शांतता कुठून आणायची, हे मला ठाऊक आहे, मी तशाच खोलीत वाढले. दुपारी शेजारच्या ताईकडे निजवा. साउंडवाल्या पोरांनाही सांगा, ऐकतात ती.

वारंवार उलट्या, वाढती गुंगी, फिट, वाढत जाणारी डोकेदुखी, हातापायात कमजोरी, कानानाकातून पाणी, यांपैकी काहीही दिसलं तर वाट बघू नका, 108 ला फोन करा.

चिडचिड, रडणं, भीती 4 आठवड्यांनंतरही राहिली किंवा वाढत गेली, तर जिल्हा रुग्णालयाच्या मानसोपचार विभागात न्या. आधीपासून घाबरट असलेल्या किंवा पूर्वीही डोक्याला मार लागलेल्या मुलांना जास्त वेळ लागू शकतो. त्यांच्याबाबत लवकर विचारा. 'मला जगायचं नाही' असं मूल बोललं तर त्याच दिवशी न्या, एकटं सोडू नका. 'वेड्यांचा डॉक्टर' म्हणून लाजायचं कारण नाही. टेली-मानसचा 14416 हा नंबर मोफत आहे, मराठीतही बोलता येतं.

जाताना एक करा. मार कोणत्या तारखेला लागला आणि त्याआधी पोर कसं वागत होतं, हे वहीत लिहून न्या. महिन्यापूर्वीचं पडणं आपण सांगायचं विसरतो आणि केसपेपरवर नुसतं 'चिडचिड' एवढंच लिहिलं जातं.