गेटवेला वाट दाखवा, किल्ल्या देऊ नका

डीएचसीपी सर्व्हर पत्ता वाटतो, तसेच त्याच उत्तरातून उपकरणाला त्याची कॉन्फिगरेशन फाइल कुठे मिळेल हेही सांगतो. म्हणूनच दूरच्या शाखेत नवा गेटवे खोक्यातून काढून केबल लावली की तंत्रज्ञ न जाताही तो कामाला लागतो. ही सोय टिकाऊ आणि सुरक्षित व्हायची, तर सर्व्हरची मांडणी क्रमाने करावी लागते.

पहिला प्रश्न ओळखीचा. बहुतेक गेटवे ऑप्शन ६० मधून उत्पादकाची खूण पाठवतात. तिच्यावरून सर्व्हरवर वेगळा क्लायंट-क्लास केला, की गेटवेची माहिती लॅपटॉप-प्रिंटरकडे जात नाही. खुणेचा मजकूर उत्पादकागणिक बदलतो. त्यामुळे पॅकेट कॅप्चर पाहूनच नियम लिहावा. रिले एजंटने जोडलेल्या ऑप्शन ८२ वरून विनंती कोणत्या स्विचच्या कोणत्या पोर्टवरून आली तेही कळते. फाइल पोर्टनुसार ठरवली, तर बिघडलेला गेटवे बदलताना सर्व्हरवर नवा मॅक ॲड्रेस नोंदवावा लागत नाही.

दुसरा प्रश्न फाइलच्या ठिकाणाचा. ऑप्शन ६६ मध्ये सर्व्हरचे नाव आणि ६७ मध्ये फाइलचे नाव जाते. काही उपकरणे १५० किंवा ४३ वाचतात. ऑप्शन ४३ च्या आत प्रत्येक उप-ऑप्शनचा क्रमांक, लांबी आणि मूल्य असते. लांबीचा एक बाइट चुकला, तरी पुढचे सगळे चुकीचे वाचले जाते. सर्व्हर सहसा उपकरणाने ऑप्शन ५५ मध्ये मागितलेलेच ऑप्शन पाठवतो. न मागता वाचणाऱ्या उपकरणासाठी ‘केआ’ सर्व्हरमध्ये ‘ऑलवेज-सेंड’ वापरावे. जुन्या आयएससी डीएचसीपी सर्व्हरची देखभाल २०२२ च्या अखेरीस थांबली असल्याने नवी उभारणी केआसारख्या चालू सर्व्हरवरच करावी.

तिसरा आणि सर्वांत महत्त्वाचा प्रश्न विश्वासाचा. ऑप्शन ६० आणि मॅक ॲड्रेस दोन्ही सहज बनावट करता येतात. फाइल सहसा ज्या टीएफटीपीवरून उतरवली जाते, त्यात ओळख-पडताळणी नाही आणि एन्क्रिप्शनही नाही. त्यावरून गेलेला एसआयपी पासवर्ड किंवा व्हीपीएनची की कोणालाही वाचता येते. म्हणून डीएचसीपीने फक्त ठिकाण सांगावे. गुपिते एचटीटीपीएसवरूनच जावीत आणि दोन्ही बाजूंनी सर्टिफिकेट तपासावे. प्रोव्हिजनिंगसाठी वेगळे व्हीलॅन ठेवावे. स्विचवर डीएचसीपी स्नूपिंग सुरू करावे, म्हणजे घुसखोर सर्व्हरची उत्तरे अडतात. २०१९ च्या आरएफसी ८५७२ ने याच दिशेने पुढचे पाऊल टाकले. त्यात ऑप्शन १४३ बूटस्ट्रॅप सर्व्हरचा पत्ता देतो आणि उपकरण स्वाक्षरी केलेली माहिती पडताळूनच स्वीकारते. खरेदीच्या अटींत या मानकाचा आग्रह धरायलाच हवा.

शेवटी चाचणी. एकच गेटवे फॅक्टरी रीसेट करून, प्रोव्हिजनिंगच्या सबनेटवर लीज छोटी ठेवून, पूर्ण प्रवास सर्व्हरच्या लॉगमध्ये पाहावा. त्यानंतर मुद्दाम चुकीचे सर्टिफिकेट देऊन उपकरण फाइल नाकारते का, हेही तपासावे. दोन्ही चाचण्या पार पडल्यावरच बाकीच्या शाखांकडे वळावे.