बीपीचे मशीन घरात आले, आता मोजायलाही शिकू या



आज रक्तदाब मोजण्याचे मशीन पुष्कळ घरांत दिसते. पुण्याला किंवा मुंबईला कामाला असलेला मुलगा दिवाळीला गावी येताना आईवडिलांसाठी ते घेऊन येतो. रिसोड, मालेगाव, कारंजा, मंगरूळपीर, मानोरा, आमच्या जिल्ह्यात कुठेही जा, औषधांच्या दुकानात ते विकत मिळते. गोष्ट चांगली आहे. मानोऱ्याच्या टोकाच्या गावातून वाशिमच्या जिल्हा रुग्णालयात जायचे म्हणजे एका दिवसाची मजुरी बुडते. घरच्या घरी आकडा कळत असेल तर त्याहून चांगले ते काय?

पण मशीन घरात आले म्हणजे आरोग्य घरात आले असे नव्हे. वस्त्यांत फिरताना आम्हाला दोन प्रकारची माणसे भेटतात. एक, शेतातून आल्या आल्या दंडाला पट्टा बांधतो, आकडा १६० दिसला की घाबरून रात्रभर झोपत नाही. दुसरा, एके दिवशी १२८ दिसला की “आपला बीपी गेला” म्हणून गोळी बंद करतो. पहिल्याचे नुकसान झोपेचे आणि पैशाचे. दुसऱ्याचे नुकसान मात्र कधी कधी भरून न येणारे असते. गोळी सोडलेल्या माणसाचा दाब गुपचूप वाढतो, दुखत नाही, खुपत नाही, आणि एके सकाळी तोंड वाकडे होते, एक हात लुळा पडतो. मजुरीवर चालणाऱ्या घरात कर्त्या माणसाला लकवा झाला म्हणजे काय होते हे आम्ही वेगळे सांगायला नको. पोरीची शाळा सुटते, घरावर कर्ज चढते. म्हणून आज मशीनचा हा विषय घेतला आहे.

बाबासाहेबांचे दुखणे

आपल्या समाजाला हा आजार परका नाही. परमपूज्य बाबासाहेबांना मधुमेह होता आणि रक्तदाबाचाही त्रास होता. १५ एप्रिल १९४८ रोजी त्यांचा विवाह डॉ. शारदा कबीर यांच्याशी झाला, त्याच पुढे माईसाहेब म्हणून ओळखल्या गेल्या. त्या स्वतः डॉक्टर होत्या. १० ऑगस्ट १९५१ रोजी बाबासाहेबांनी पंडित नेहरूंना पत्र लिहिले. आपल्या प्रकृतीची डॉक्टरांना काळजी वाटते, सुमारे महिनाभराचे उपचार आता पुढे ढकलता येण्यासारखे नाहीत, पण त्याआधी हिंदू कोड बिल मार्गी लागावे, असा त्या पत्राचा आशय होता. बिल मार्गी लागले नाही आणि त्याच वर्षी त्यांनी मंत्रिपदाचा राजीनामा दिला. पुढे १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला त्यांनी धम्मदीक्षा दिली तेव्हाही शरीर थकलेलेच होते. ६ डिसेंबर १९५६ रोजी दिल्लीत त्यांचे महापरिनिर्वाण झाले. वय अवघे ६५.

त्या काळी औषधेही फार नव्हती. मुंबईचे डॉ. रुस्तम जाल वकील यांनी १९४९ साली सर्पगंधा या आपल्याकडच्या वनस्पतीचा रक्तदाबावर होणारा उपयोग इंग्लंडच्या नियतकालिकात मांडला, तेव्हा जगाचे तिकडे लक्ष गेले. अमेरिकेसारख्या धनाढ्य देशाचे अध्यक्ष रूझवेल्ट १९४५ साली वाढलेल्या रक्तदाबाने मेंदूत रक्तस्राव होऊन गेले, सत्ता आणि पैसा कामी आला नाही. रोज घेता येईल अशी लघवीवाटे मीठ-पाणी काढणारी गोळी १९५८ साली बाजारात आली. आज रक्तदाबाच्या साध्या गोळ्या सरकारी आरोग्य केंद्रात मोफत देतात. त्या काळात राष्ट्राध्यक्षाला जे मिळाले नाही ते आज वाशिम जिल्ह्यातल्या शेतमजुराला मिळू शकते. अशा वेळी चुकीच्या मोजणीमुळे आपण ते गमवावे हे आम्हाला पटत नाही.

मशीन काय करते?

१८९६ साली इटलीच्या रिवा-रोची या डॉक्टरने दंडाला हवेचा पट्टा बांधून पाऱ्याच्या नळीवर दाब मोजण्याची सोय केली. १९०५ साली रशियाच्या कोरोत्कोव्ह यांनी त्याला कानाला लावायच्या नळीची जोड दिली. पाऱ्याची नळी आता मागे पडली, पण दाब अजूनही पाऱ्याच्या मिलीमीटरमध्येच सांगतात. हृदय आकुंचन पावते तेव्हाचा दाब म्हणजे वरचा आकडा, हृदय सैल पडते तेव्हाचा म्हणजे खालचा. घरचे मशीन पट्ट्यात हवा भरते, ती हळूहळू सोडते आणि शिरेच्या ठोक्याने पट्ट्यात उठणारी थरथर टिपून दोन्ही आकडे काढते. माणूस हलला, बोलला, पट्टा सैल राहिला, की मशीन फसते. बिचाऱ्या मशीनला तुम्ही आत्ताच डोक्यावर भारा घेऊन आलात हे कसे कळणार?

मोजण्याआधी

मोजण्याच्या अर्धा तास आधी चहा नको, बिडी, तंबाखू किंवा खर्रा नको, जड काम नको. लघवी करून यावे, कारण लघवी तुंबलेली असली तरी आकडा चढतो. मग पाच मिनिटे शांत बसावे. नुसते बसावे, टीव्ही नको, मोबाईल नको, सुनेशी हिशेब नको. आनापान सतीचा अभ्यास असेल तर ही पाच मिनिटे त्यासाठी फार सोयीची आहेत.

बसायला पाठ टेकेल अशी खुर्ची घ्यावी. प्लास्टिकची खुर्ची आज बहुतेक घरी असते, नसली तर शेजारून आणावी. जमिनीवर मांडी घालून मोजू नये. पायावर पाय टाकू नये. दोन्ही तळपाय जमिनीला सपाट टेकावेत, टेकत नसतील तर खाली पाट ठेवावा. हात अधांतरी धरू नये. स्टूल, पेटी किंवा धान्याच्या कोठीवर दोन उशा ठेवून त्यावर हात सैल सोडावा, म्हणजे दंडावरचा पट्टा छातीच्या मधोमध, हृदयाच्या उंचीला येईल. हात खाली लोंबत असेल तर आकडा खोटा वाढतो, हृदयापेक्षा वर धरला तर खोटा कमी होतो.

पट्टा कसा बांधावा?

पट्टा उघड्या दंडावर बांधावा. शर्टाची किंवा पोलक्याची बाही मध्ये येऊ देऊ नये. घट्ट बाही वर गुंडाळली तर तीच फास लावल्यासारखी बसते, त्यापेक्षा हात बाहीतून बाहेर काढावा. आयाबहिणींनी आडोशाला बसून मोजावे, पण कपड्यावरून मोजू नये. पट्ट्याची खालची कड कोपराच्या दोन ते तीन सेंटिमीटर वर यावी, नळी कोपराच्या आतल्या बाजूला यावी आणि पट्ट्याखाली दोन बोटे जातील इतपतच तो घट्ट असावा.

आता माप. याकडे कोणी पाहत नाही. शिलाईचा टेप घेऊन दंडाच्या मध्यभागी घेर मोजा. मशीनसोबत येणारा पट्टा साधारण २२ ते ३२ सेंटिमीटर घेराच्या दंडासाठी असतो. माप पट्ट्यावर छापलेलेही असते. दंड त्याहून जाड असेल आणि पट्टा लहान पडला तर आकडा खोटा जास्त येतो. नसलेल्या आजाराच्या गोळ्या मागे लागतात. दंड बारीक असेल आणि पट्टा मोठा पडला तर आकडा खोटा कमी येतो. आपल्याकडे कष्टाने वाळलेल्या दंडाची माणसे थोडी नाहीत. त्यांचा खरा दाब असा झाकला जातो. पट्टे वेगवेगळ्या मापांचे मिळतात, मशीन घेतानाच दुकानदाराला माप सांगावे. मनगटावर बांधायच्या मशीनपेक्षा दंडाचे मशीन भरवशाचे. मोबाईलवर बोट ठेवून रक्तदाब सांगणाऱ्या युक्त्यांच्या नादी तर लागूच नये.

कधी आणि किती वेळा?

पहिल्या दिवशी दोन्ही दंडांवर मोजावे. ज्या हाताचा आकडा जास्त, पुढे कायम त्याच हातावर मोजावे. सकाळी उठून शौचाला जाऊन आल्यावर, चहाच्या आणि गोळीच्या आधी मोजावे. निंदायला किंवा सोंगायला जाणाऱ्यांनी निघायच्या घाईत मोजू नये, दहा मिनिटे आधी उठावे. संध्याकाळी जेवणाआधी मोजावे. प्रत्येक वेळी एका मिनिटाच्या अंतराने दोनदा मोजावे. मोजताना बोलू नये आणि कोणी बोलवू नये.

असे सात दिवस करावे. तारीख, वेळ, वरचा आकडा, खालचा आकडा, नाडीचे ठोके आणि गोळी घेतली की नाही, एवढे वहीत लिहावे. आठवी-नववीतल्या पोरीकडे हे काम सोपवा, ती आनंदाने करील. जे दिसेल तेच लिहावे, नावडता आकडा गाळू नये. आठवडा संपल्यावर पहिला दिवस सोडून बाकी सहा दिवसांची सरासरी काढावी. एका पावतीवरून वर्षाचा ताळेबंद मांडत नाहीत, तसे एका आकड्यावरून आजार ठरवू नये.

घरच्या मोजणीची सरासरी १३५/८५ किंवा त्याहून जास्त असेल तर वही घेऊन डॉक्टरकडे जावे. दवाखान्यात १४०/९० ही रेषा धरतात. घरची रेषा थोडी खाली आहे, कारण डॉक्टरसमोर पुष्कळांची छाती धडधडते आणि आकडा वाढतो. दोनपैकी एकच आकडा रेषेवर गेला तरी तो मोजावाच लागतो.

आकडा १८०/१२० च्या घरात गेला तर घाबरून धावपळ करू नये. पाच मिनिटे शांत बसून पुन्हा मोजावे. तरीही तेवढाच असेल तर त्याच दिवशी दवाखाना गाठावा. त्यासोबत छातीत दुखणे, दम लागणे, तोंड वाकडे होणे, हातपाय लुळा पडणे, बोबडी वळणे, दिसेनासे होणे यांपैकी काहीही असले तर पुन्हा मोजत बसू नये, लगेच १०८ ला फोन करावा. आणि लकव्याची ही लक्षणे दिसली तर मशीन १२० दाखवो की २२०, थांबायचे नाही. गरोदर सुनेचा आकडा १४०/९० किंवा त्याहून वर गेला तर तो दिवस उलटू देऊ नये.

गोळीचा निर्णय मशीनने करू नये

आकडा चांगला आला याचा अर्थ बहुधा गोळी काम करीत आहे असा असतो. विहिरीला कठडा आहे म्हणून कोणी पडत नाही, मग “कोणी पडत नाही” म्हणून कठडा काढायचा का? गोळी कमी करायची असेल, सुटत असेल, तर ते डॉक्टर वही पाहून ठरवतील. वही दाखवली तर “दोन मिनिटांत पाहिले आणि गोळी लिहिली” ही तक्रारही कमी होईल. शेजाऱ्याची गोळी घेऊ नये, आपली देऊ नये. वर्षातून एकदा आपले मशीन दवाखान्यात नेऊन तिथल्या मशीनशी ताडून पाहावे. बॅटरी उतरली असेल तर आधी बदलावी. नाडी अनियमित चालत असेल तर घरच्या मशीनचा आकडा कमी भरवशाचा, ते डॉक्टरांना जरूर सांगावे.

गोळीसोबत मीठही पाहावे. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसाला दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ सांगते, म्हणजे चहाचा एक चमचा, तोही सपाट भरलेला नाही. त्यात लोणचे, पापड, ठेचा आणि कुरमुऱ्याच्या पाकिटातले मीठही आले. भाकरीच्या पिठात मीठ घालणे तरी सोडता येईल.

विहारात एक मशीन

प्रत्येक घरात मशीन हवेच असे नाही. आमची सूचना अशी की, प्रत्येक वस्तीच्या विहारात एक चांगले मशीन, लहान-मोठे पट्टे, एक खुर्ची आणि शिलाईचा टेप असावा. आषाढ ते आश्विन पौर्णिमा वर्षावासात विहारात ग्रंथवाचन चालते. वाचन संपल्यावर माणसे तशीही शांत झालेली असतात. महिला मंडळाच्या दोन भगिनींनी आशाताईंकडून किंवा उपकेंद्रातल्या सिस्टरकडून नीट शिकून घ्यावे आणि आठवड्यातून एक दिवस तिशीच्या पुढच्यांचा रक्तदाब मोजावा. पाच मिनिटे खुर्चीवर बसवल्याशिवाय पट्टा बांधू नये. आकडा सगळ्यांसमोर मोठ्याने सांगू नये, ज्याचा त्याला चिठ्ठीवर द्यावा. आजार ही चव्हाट्यावर मांडायची गोष्ट नाही. जास्त निघालेल्यांना विहारातून गोळी द्यायची नाही, आरोग्य केंद्रात पोहोचवायचे. सोबत कोणी नसेल तर मंडळातल्या कोणीतरी जावे.

भगवान बुद्धांनी अतिसाराने पडलेल्या, कोणी न विचारणाऱ्या भिक्खूला आनंदासह स्वतःच्या हातांनी धुऊन काढले, ही विनयातली कथा आपण ऐकतो. आजाऱ्याची सेवा हे धम्माचेच काम आहे, हे त्यातून शिकायचे. बाबासाहेबांनी समाजासाठी देह झिजवला. तो आपण आजार अंगावर काढावेत म्हणून नव्हे, तर आपण ताठ मानेने आणि धडधाकट जगावे म्हणून. या आठवड्यात एवढे तरी करा. घरात मशीन असेल तर टेपने दंड मोजा, पट्ट्यावरचे माप वाचा आणि एक नवी वही काढा.

नमो बुद्धाय! जयभीम!