रस्ता हीच तालीम

दीड किलोमीटर पोहणे, ४० किलोमीटर सायकल आणि शेवटी १० किलोमीटर धावणे, असा शरीर-मनाचा तिहेरी कस पाहणारी ट्रायथलॉन २००० साली सिडनीत ऑलिंपिकच्या मांडवात आली. याहून कितीतरी खडतर ‘आयर्नमॅन’ मिलिंद सोमण यांनी २०१५ मध्ये, पन्नाशीच्या उंबरठ्यावर, झुरिक येथे पूर्ण केली. पण अशा पराक्रमाचे कौतुक करून सरावाचा प्रश्न सुटत नाही. पनवेलच्या परिसरातून मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग निघतो. २०२४ पासून अटल सेतूही जवळ आला. दोन्हींवर सायकलला मज्जाव आहे आणि सुरक्षेसाठी तो योग्यच आहे. मग सायकलपटूने उरलेल्या रस्त्यांवर, अवजड कंटेनरांच्या गर्दीत, जीव मुठीत धरून सराव करायचा काय?

समर्थ रामदासांनी गावोगावी मारुती स्थापून बलोपासनेचा पाठ दिला. मारुतीच्या साक्षीने तालमी घुमल्या, कारण समाजाने त्यांना जागा दिली. ट्रायथलॉनपटूची तालीम रस्ताच आहे. २०१६ मध्ये महानगरपालिका झालेल्या पनवेलने रविवारी पहाटे दोन तास एक रस्ता सायकलींसाठी राखावा. त्यासाठी नवा पूल बांधावा लागत नाही. इच्छाशक्ती मात्र लागते.